हळदीवरची जागा

एप्रिल लागला की मला शिसारी येते. आधी मिरचीची, मग कंपनीची, आणि संध्याकाळपर्यंत माझी स्वतःची. गेली चार वर्षं हा क्रम बदललेला नाही.

परवा पनवेलजवळ करंजाड्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी मिरच्या वाळत घातल्या. सकाळी नऊच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर भांडण सुरू. एक म्हणतो ठसका लागतो, दुसरी म्हणते वर्षाचा मसाला काय बाथरूममध्ये करायचा का, आणि तिसरा मध्येच सुप्रभातचं गुलाबाचं फूल टाकून मोकळा. उलव्याकडच्या खोदकामाची धूळ, रस्त्यापलीकडच्या नव्या टॉवरचं काँक्रीट, हे सगळं बारा महिने मुकाट गिळणारी ही माणसं चार किलो मिरचीवर मात्र तुटून पडतात. मी काही लिहिलं नाही. खिडक्या लावून घेतल्या. तरी वास आलाच. तो नाकात नसतो, घशाच्या मागे कुठेतरी बसलेला असतो आणि तिथून तो कधी गेलेलाच नाही.

मी तळोज्याकडच्या एका मसाल्याच्या कंपनीत प्लॅनिंग बघते. कंपनीचं नाव सांगत नाही. पाकीट कदाचित तुमच्याच फडताळात असेल. कुठल्या गिरणीवर कुठल्या दिवशी काय दळायचं, किती दळायचं आणि तिथे कोण उभं राहायचं, हे मी ठरवते. ऐकायला सोपं वाटतं ना? डोंबल सोपं! विक्रीवाल्यांना सगळं उद्या हवं असतं. गोदामवाल्यांना माल साठलेला चालत नाही. साहेबांना, म्हणजे आमच्या प्लांट मॅनेजरना, ओव्हरटाइम बघवत नाही. आणि उत्पादनवाल्यांना गिरणी धुवायची नसते, कारण धुण्यात वेळ जातो. हळदीनंतर मिरची दळायची तर नुसता ब्रश फिरवला तरी भागतं. मिरचीनंतर हळद घ्यायची म्हटलं की अर्धा दिवस गेला. पातं उघडा, जाळी धुवा, वरून तांदूळ दळून काढा. आपल्या कोपऱ्यावरचा पिठाचा गिरणीवालासुद्धा उपवासाची भाजणी सोमवारी सकाळी, गिरणी धुतल्या-धुतल्या आणा म्हणतो, त्याचं कारण दुसरं काय असतं?

तर या चार मागण्या सतत एकमेकींच्या झिंज्या उपटत असतात. एकीचं भलं केलं की दुसरीचं वाटोळं. यावर शास्त्र आहे, मी ते इंजिनिअरिंगला शिकले आहे. प्रत्येक मागणीला वजन द्यायचं, वजनांची बेरीज शंभर करायची आणि संगणकाला म्हणायचं, काढ बाबा यातून मार्ग. तो बिचारा हजारो वेळापत्रकं रचतो, मोडतो, परत रचतो, आणि शेवटी पडद्यावर ठिपक्यांची एक वाकडी रेघ काढून देतो. त्या रेघेवरच्या कुठल्याही ठिपक्याशी गेलात तरी तिथे एकाचं आणखी सुधारायचं तर दुसऱ्याचं बिघडवावंच लागतं. म्हणजे तुम्ही जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं केलंत. आता फक्त यातला एक ठिपका निवडा आणि हात झटका. मला ती रेघ फार आवडायची. खोटं कशाला बोलू, मी तिच्या प्रेमात होते. माझ्या आयुष्यात तेवढी स्वच्छ गोष्ट दुसरी नव्हती.

कॉम्प्युटर येण्याआधी हे सगळं कमळताई करायच्या. त्या दळण विभागाच्या सुपरवायझर. इथल्याच गावातल्या, त्यांची शेती आणि मिठागर कधीच नव्या वसाहतीच्या रस्त्यांखाली गेलं होतं. शिक्षण सातवी. त्यांच्याकडे शंभर पानी वही होती, वर गणपतीचं चित्र, आणि आतला कागद हळदीने इतका पिवळा पडलेला की निळी शाई हिरवी दिसायची. प्रत्येक आठवड्याचं एक पान. डावीकडे गिरण्या, उजवीकडे बायकांची नावं. आधी हळद, मग धणे, मग गरम मसाला, शेवटी मिरची. हिंग एकटा, कोपऱ्यात. आणि काही नावांपुढे टिकल्या चिकटवलेल्या. खऱ्या टिकल्या, कपाळावर लावतो त्या, मरून, मसुराएवढ्या.

आता माझी चूक सांगते. एखाद्या पुरुषाच्या हातून ती झालीच नसती, त्याने निदान विचारलं असतं की या टिकल्या इथे कशाला. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं मला माहीत आहे. तोंड धुताना आपण टिकली काढून आरशाला लावतो, फ्रिजला लावतो, कपाटाच्या दाराला लावतो. माझ्या आईच्या टिकल्या बेसिनच्या फरशीवर रांगेने असायच्या. मी मनात म्हटलं, कमळताई आपल्या टिकल्या वहीला लावतात आणि विसरतात. वहीतली पानं मला स्कॅन करून संगणकात घ्यायची होती. काचेवर वही सपाट बसेना. म्हणून मी त्या आठवड्याच्या पानावरच्या सातही टिकल्या नखाने उचकटल्या आणि टिचकीने कचऱ्याच्या डब्यात उडवल्या. मला आठवतंय, एक नखाला चिकटून बसली होती आणि मी तोंड वाकडं करून "शी!" म्हटलं होतं.

कमळताई तेव्हा रजेवर निघाल्या होत्या. मुलीचं लग्न होतं, आणि त्यांच्याकडच्या हळदीला सगळा गाव असतो, त्यामुळे दोन आठवडे त्या येणारच नव्हत्या. ऐन सीझनमध्ये. लोक वर्षाचा मसाला भरतात ते एप्रिल-मेमध्येच, त्यामुळे आमच्याकडे तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. जाताना वही माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "समदं वहीत हाय, मॅडम. वहीपरमानं चालवा, कुनाला काय तरास नाय व्हनार."

मी वहीप्रमाणे कशाला चालवते? माझ्याकडे रेघ होती. चार मागण्यांना वजनं दिली. धुण्याचा वेळ कमी करायला सगळ्यात जास्त, कारण मीटिंगमध्ये त्याचाच गजर चालला होता. संगणकाने विचार केला आणि उत्तर दिलं: मिरची मधूनमधून घेऊच नका, सलग अकरा दिवस घ्या, त्याच बायका त्याच गिरणीवर ठेवा. प्रत्येक बाईला संगणकात एक आकडा होता. सात नंबर मिरचीवर. सात नंबर म्हणजे रेखा.

रेखा कंत्राटी होती. रोडपालीहून यायची, सडपातळ, कमी बोलणारी, हाताला चपळ. वेळापत्रक भिंतीवर लागलं त्याच दुपारी ती माझ्या केबिनच्या दारात आली. आत साहेब बसले होते, माझा तो रंगीत तक्ता बघत होते, खूश होते.

"मॅडम, मला हळदीवर ठेवा ना."

"का गं?"

तिने साहेबांकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"असंच."

"असंच म्हणून प्लॅन बदलत नसतात रेखा. काही कारण असेल तर सांग."

तिने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "नाय, काय नाय," म्हणाली, आणि गेली. साहेब हसून म्हणाले, "सगळ्यांना हळदच पाहिजे." मीही हसले. ते हसू आठवलं की मला अजून स्वतःची शिसारी येते.

मिरची दळणं काय असतं ते सांगते, कारण ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं. मी वर, एसीत. खाली शेडमध्ये हवा लाल. बायका ओढणीचे चार पदर तोंडाला बांधतात तरी दुपारपर्यंत डोळे सुजतात. नाकातून पाणी गळतं ते पुसायलाही हात वापरता येत नाही. हातमोज्यात घाम, घामात मिरची, म्हणजे मोजे घालूनसुद्धा बोटं भाजल्यासारखी होतात. पाण्याने ती जात नाही. आधी तेल चोळावं लागतं, मग पीठ, मग साबण. कमळताई त्यासाठी खोबरेल तेलाची बाटली ठेवायच्या आणि सुटीआधी दहा मिनिटं गिरणी थांबवायच्या. मी ती दहा मिनिटं काढून टाकली होती. तक्त्यात त्यांना रकानाच नव्हता.

आता लोक मला म्हणतात, अगं, वजन देताना माणसांचा विचार करायला हवा होतास. वजन देणं लांबच राहिलं, मी तर त्यांना मोजलंच नव्हतं! हीच तर त्या सगळ्या शास्त्राची घाण आहे, आणि ती शास्त्राची नाही, माझी आहे. तुम्ही चार गोष्टी मोजता, त्या चार जपल्या जातात. पाचवी मोजली नाहीत की ती फुकट आहे असं समजून तो संगणक तिला ओरबाडतो. रेखाचे हात फुकट. तिची कातडी फुकट. आणि पडद्यावरची रेघ तशीच सुंदर, स्वच्छ, कुठे एक डाग नाही.

बाराव्या दिवशी कमळताई लग्न उरकून आल्या. हातावर मेंदी, डोळ्यांत जागरण. आधी शेडमध्ये गेल्या, मग जिना चढून थेट माझ्या टेबलाशी. वही उघडली.

"टिकल्या कुटं हायत, मॅडम?"

"कुठल्या टिकल्या?"

"हितं नावापुढं व्हत्या त्या."

"त्या होय? मी काढल्या. स्कॅन करताना मध्ये येत होत्या."

खुर्ची ओढून बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांना माझ्यासमोर बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"जिचं पोर अंगावर पितंय तिला टिकली. टिकलीवाली मिरचीवर नाय जायची. हळदीवर सात जागा हायत, म्हनून सात टिकल्या."

मला आधी कळलंच नाही. मग दारात पदर ओढून उभी राहिलेली रेखा आठवली.

सातांतल्या सहाजणी माझ्या तक्त्यात नशिबाने हळदीवर, धण्यांवर पडल्या होत्या; रेखा तेवढी मिरचीवर. तिची मुलगी चार महिन्यांची होती. पहिल्या दिवशी रेखा घरी गेली, हात धुतले, दोनदा धुतले, आणि लेकीला पाजायला घेतली. बाळ किंचाळलं. ओठ लाल झाले. दुसऱ्या दिवशी तिने आंघोळ केली, साबण लावला, ब्लाऊज बदलला. तरी तेच. सासू म्हणाली दृष्ट लागली. तिसऱ्या दिवसापासून बाळ पदराजवळ नेलं की तोंड फिरवायचं, कारण तेवढ्या जिवालाही कळलं होतं की इथे आग आहे. सुटी घेतली तर कंत्राटदार दुसरी बाई आणतो. मग वाटीचमचा आला, मग बाटली आली. रेखाला ताप भरला, छाती दगडासारखी झाली, आणि अकरा दिवसांत दूध आटलं.

हे मला कमळताईंनी सांगितलं. रेखाने आजपर्यंत एक अक्षर सांगितलेलं नाही.

"ती माझ्याकडे आली होती," मी म्हटलं. "मी विचारलं तिला कारण. 'असंच' म्हणाली."

"मग काय सांगनार व्हती? सायेब बसले व्हते ना?" कमळताई उठल्या. वही तिथेच टेबलावर ठेवली आणि खाली गेल्या.

मी त्याच दुपारी शेडमध्ये उतरले. खोकला आवरत रेखाजवळ गेले आणि म्हटलं, उद्यापासून तू हळदीवर. तिने ओढणी तोंडावरून खाली केली, माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, असता तर बरं झालं असतं. "आता हळदीवर जाऊन काय करू, मॅडम?" एवढंच म्हणाली आणि पाटी उचलली.

त्या महिन्यात माझा सत्कार झाला. गिरणी धुण्याचा वेळ कधी नव्हे इतका वाचला होता. कॉन्फरन्स रूममध्ये थंडगार समोसे, तेलाने पारदर्शक झालेल्या कागदी प्लेटा, आणि फ्रेम केलेला माझाच तक्ता मला भेट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शी! तो तक्ता मी घरी नेला आणि पलंगाखाली उलटा घातला. अजून तिथेच आहे. केर काढणाऱ्या मावशी दर दिवाळीला विचारतात, टाकू का? मी म्हणते, राहू दे. का राहू दे, ते मलाही सांगता येणार नाही.

पुढच्या सीझनपासून मी दोन गोष्टी केल्या आणि मला वाटलं, फिटलं. तेलाची दहा मिनिटं परत घातली. आणि रेखाला हळदीवर टाकली, कायमची. संगणकात तशी सोय असते. एखादं नाव एखाद्या जागेला कुलूपबंद करता येतं, मग बाकीचं सगळं हललं तरी ते हलत नाही. तीन एप्रिल गेले. रेखा हळदीत पिवळी होऊन काम करायची, मी वरून काचेतून बघायचे आणि मला जरा बरं वाटायचं. टिकल्यांचं कमळताई बघत होत्याच. वही पुन्हा त्यांच्याकडे गेली होती, आणि मी छापलेल्या तक्त्यावर त्या स्वतःच्या हाताने खाडाखोड करायच्या. मी करू द्यायचे.

गेल्या दिवाळीत कमळताई निवृत्त झाल्या. वही जाताना मला दिली. मी ते पान काढून बघितलं. टिकल्या मी उचकटल्या होत्या, पण त्यांचा डिंक कागदाला राहिला होता, आणि चार वर्षांत त्यावर मिरचीची धूळ बसली होती. सात नावांपुढे सात लाल ठिपके. आधीपेक्षा ठळक. मी वही मिटून ड्रॉवरमध्ये टाकली, आणि हे आता लिहिताना मला कळतंय की मी ती बघायला नको म्हणूनच टाकली.

या वर्षी नवीन सॉफ्टवेअर आलं. ते शिकवायला पुण्याहून एक टाय लावलेला गृहस्थ आला. त्यात आता 'कामगार समाधान' असाही रकाना आहे. मी त्याला विचारलं, यात काय भरायचं? म्हणाला, काहीही, पाच टक्के ठेवा, बाकीच्या रिझल्टवर परिणाम होत नाही. छान! परिणाम होणार नाही एवढंच समाधान. मला त्याच्या टायवर चहा ओतावासा वाटला. ओतला नाही. पाच टक्के भरले, रेखाच्या नावाचं कुलूप यातही घातलं, वेळापत्रक काढलं, भिंतीवर लावलं. सीझनची घाई होती. दरवर्षी असते.

काल दुपारी केबिनच्या दारात रेखा. चार वर्षांत ती एकदाही वर आली नव्हती. या वेळीही साहेब आत बसलेले. तेच साहेब, आता चष्मा जाड झालाय.

"मॅडम, मला मिरचीवर टाका."

"काही झालं का? कुणी बोललं का तुला?"

तिने साहेबांकडे पाहिलं. पण या वेळी पायांकडे नाही पाहिलं.

"ती अश्विनी हाय ना, नवीन लागलीय. तिचं पोर तीन महिन्यांचं हाय. अंगावर पितंय. तिला मिरचीवर टाकलीय तुमी."

अश्विनी. मला चेहराही आठवेना. कंत्राटदाराच्या यादीतला एकवीस नंबर.

"हळदीवर सात जागा हायत, मॅडम. नशिबानं सहाजणी टिकलीवाल्याच हायत, मी बघून आले. सातवीत मी बसलेय." तिने पिवळे हात पदराला पुसले. "माझी पोरगी बालवाडीत जाते आता. मला कशाला ठेवलीय तितं? तुमाला बरं वाटावं म्हनून?"

साहेबांनी मोबाइल खाली ठेवला. चार गोष्टींचं वजन करणारी मी, पाचवी विसरले म्हणून स्वतःला शिव्या देत चार एप्रिल काढले, आणि त्या शिव्यांतून सुटका म्हणून सहावी एक गुपचूप आत घातली होती: माझं मन. तिला वजन शंभर. आणि तिच्यासाठी पुन्हा एका बाळाच्या तोंडावर मिरची उडणार होती. रेखाला मी कधी विचारलंही नव्हतं तिला हळद हवी का म्हणून. अश्विनीलाही विचारलं नव्हतं. विचारायला जिना उतरावा लागतो, आणि खाली खोकला येतो.

"तू जा खाली," मी म्हटलं, "मी करते."

"माझ्यासमोर करा," रेखा म्हणाली. दारातच उभी राहिली.

मी रेखाच्या नावाचं कुलूप काढलं. एकवीस नंबर हळदीवर नेला, सात नंबर मिरचीवर. पडद्यावर लाल पट्टी आली: हे वेळापत्रक सर्वोत्तम नाही. त्याखाली एक चौकोन उघडला. बदलाचं कारण लिहा, नाहीतर पुढे जाता येणार नाही. साहेब मान वाकडी करून वाचायला लागले. "कारण काय टाकतेस?" त्यांनी विचारलं.

मी दाराकडे पाहिलं. मग चौकोनात टाइप केलं, 'असंच', आणि बटण दाबलं.